ठाण्यातल्या घरात पहिला जॅझ गिटार अल्बम कसा ऐकावा

रविवारी सकाळी आमच्या नौपाड्यातल्या घरी नाट्यसंगीत लागतं. आई पोहे परतता परतता मान हलवून सम दाखवते. अशा घरात वाढलेली मी तिशी ओलांडल्यावर जॅझकडे वळले, तेव्हा वाटलं होतं की कान तयार आहे, फार अडायला होणार नाही. पण झालं. पहिले दोन महिने मला एवढंच कळायचं की सुरुवातीला एक चाल वाजते, मग बराच वेळ कोणीतरी काहीतरी वाजवत राहतं, आणि शेवटी तीच चाल परत येते. मधल्या भागाचा काही केल्या पत्ता लागेना.

तो पत्ता आईने दिला. एका संध्याकाळी मी एक ब्लूज, म्हणजे जॅझमधल्या एका ठरलेल्या साच्याची रचना, लावला होता आणि ती समोर मेथी निवडत बसली होती. मध्येच म्हणाली, "अगं, हे वाट्टेल तसं नाही वाजवत. फिरून फिरून तिथेच येतायत. मोज बघू." मी मोजलं. दर ४८ मात्रांनी गाडी मूळ जागी येत होती. ४८ म्हणजे बरोबर तीन त्रिताल.

त्या दिवसापासून माझं जॅझ ऐकणं सुरू झालं असं मी धरते. ज्यांनी जॅझ कधी ऐकला नाही, किंवा ऐकून "छान आहे, पण चाललंय काय ते कळत नाही" म्हणून बंद केला, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गिटार वाजवता येण्याची किंवा इंग्रजी नोटेशन वाचता येण्याची गरज नाही. हातावर त्रिताल धरता येत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. येत नसेल तर ते अर्ध्या तासात शिकता येतं.

पहिली पायरी: एकच अल्बम, महिनाभर

नवखा माणूस सगळ्यात आधी 'जॅझ' असा शोध घेतो आणि समोर येईल ती तीन-चार तासांची प्लेलिस्ट लावतो. कॉफीच्या दुकानात मागे वाजावी अशी ती असते, आणि ती ऐकून कान तयार होत नाही. दर पाच मिनिटांनी वाजवणारे बदलतात, वाद्यं बदलतात, काळ बदलतो. एका बैठकीत वीस गवय्यांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकले तर ख्याल कळेल का?

म्हणून एक अल्बम घ्या आणि महिनाभर तोच ऐका. माझी निवड ठाम आहे: 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी'. १९६० च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये २६ आणि २८ तारखेला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांत त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि रिव्हरसाइड या कंपनीने तो काढला. आठ रचना, सगळ्या मिळून पाऊण तासाच्या आत. वाजवणारे चौघेच: गिटारवर वेस माँटगोमेरी, पियानोवर टॉमी फ्लॅनागन, डबल बेसवर, म्हणजे उभ्याने वाजवायच्या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर, पर्सी हीथ आणि ड्रमवर अल्बर्ट हीथ. शेवटचे दोघे सख्खे भाऊ.

चौघांचाच ताफा का, तर प्रत्येकाला वेगळं ऐकता येतं म्हणून. बारा-पंधरा वाद्यांच्या बँडमध्ये नवख्याचा कान हरवतो. आणि गिटारच का, तर आपल्या कानाला छेडलेली तार परकी नाही. सतार, सरोद, तंबोरा यांनी ती सवय लावलेली असते. सॅक्सोफोनचा आवाज काहींना सुरुवातीला अंगावर येतो, गिटारचा तसा येत नाही.

वेसबद्दल थोडं सांगायलाच हवं. जन्म १९२३, गाव अमेरिकेतलं इंडियानापोलिस. चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाच्या तबकड्या ऐकून ऐकून, त्यातले सोलो, म्हणजे एकट्याने रचत वाजवलेले भाग, जसेच्या तसे बोटांत उतरवून तो शिकला. नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं. दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लबात वादन असं त्याने बरीच वर्षं केलं. रबाळे-महापेला पाळी संपवून रात्री भजनाला किंवा तालमीला जाणारी माणसं मी रोज पाहते, त्यामुळे हे वाचलं तेव्हा तो मला एकदम ओळखीचा वाटला. गिटार वाजवायला इतर वादक पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, वापरायचे, हा अंगठा वापरायचा. रात्रीच्या सरावाचा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही सवय लागली, असं सांगतात. कारण काहीही असो, अंगठ्याच्या मांसल भागाने छेडल्यामुळे त्याच्या सुराला कडा नाही. सूर गोल आणि उबदार लागतो. १९६८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, तेव्हा ४५ वर्षांचा होता.

दुसरी पायरी: योग्य तोच अल्बम मिळाला का ते बघा

इथे एक खड्डा आहे. फोनवर नुसतं 'वेस माँटगोमेरी' शोधलं तर त्याच्या शेवटच्या वर्षांतले, १९६७ च्या आसपासचे अल्बमही वर येतात. त्यांत मागे मोठा वाद्यवृंद आहे, लोकप्रिय गाण्यांच्या चाली आहेत आणि सोलो आखूड आहेत. ते वाईट नाहीत, पण आपण जे शिकायला बसलोय ते त्यांत फारसं नाही. यादीत पियानो, बेस, ड्रम एवढेच साथीदार आहेत आणि पहिली रचना 'एअरजिन' आहे, याची खात्री करून घ्या.

शफल बंद करा. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, तेही बंद करा. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांत कधी कधी शेवटी जादाचे टेक, म्हणजे त्याच रचनांची वेगळी मुद्रणं, जोडलेले असतात. तुमच्या प्रतीत ते असले तर पहिला महिना त्यांना हात लावू नका.

तिसरी पायरी: जागा, वेळ आणि कानात घालायचं साधन

डबल बेसची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. गिटारची खालची तार तिच्या दुप्पट, म्हणजे ८२ च्या आसपास. फोनचा चिमुकला स्पीकर इतका खर्ज देऊच शकत नाही. त्यावर हा अल्बम लावलात तर गिटार ऐकू येईल, पियानो ऐकू येईल, आणि ज्याच्या खांद्यावर सगळं उभं आहे तो बेस जवळपास गायब होईल. मग "कळत नाही" असं वाटलं तर दोष तुमचा नाही, स्पीकरचा आहे. साधे, तारेचे, कानात नीट बसणारे इयरफोन पुरतात. महागडं काही घेण्याची गरज नाही.

इयरफोन दोन्ही कानांत घाला. लोकलमध्ये एक कान गाडीकडे आणि एक गाण्याकडे ठेवायची आपली सवय असते. पण स्टिरिओ मुद्रणात वाद्यं डावी-उजवीकडे वाटलेली असतात. एक कान मोकळा ठेवलात तर एखादा साथीदार अर्धामुर्धा नाहीसा होतो.

गाडीचं म्हणाल तर, मी रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरने कामाला जाते आणि पहिले दोन महिने मी याच गाडीत जॅझ ऐकत होते. ती चूक होती. रुळांचा धडधडाट नेमका बेसच्या पट्टीत येतो आणि त्याला गिळतो. पहिल्या काही वेळा घरीच ऐका. घोडबंदर रस्त्यालगत राहत असाल तर रात्री साडेदहानंतर, रहदारी ओसरल्यावर. तलावपाळीला किंवा वाशीच्या सागर विहारला सकाळी सहाच्या सुमारास एखाद्या बाकावर बसूनही छान ऐकता येतं, फक्त चालता चालता नको. चालताना पावलांची लय आणि गाण्याची लय भांडतात. रचना ओळखीच्या झाल्या की मग गाडीतही ऐका. तेव्हा न ऐकू येणारा बेस मन भरून काढतं. ठाणे-पनवेल प्रवासात तर अख्खा अल्बम बसतो.

चौथी पायरी: एकदा नुसतं ऐका

काही मोजू नका, काही शोधू नका. पाऊण तास बसा. आवडलं नाही तरी चालेल. कुठली रचना जरा लक्षात राहिली तेवढं वहीत लिहून ठेवा.

पाचवी पायरी: चौघांना वेगळं करा

आता दुसरी रचना घ्या, 'डी-नॅचरल ब्लूज'. लय मध्यम आहे, घाई नाही. ही एकच रचना चार वेळा ऐकायची आणि प्रत्येक वेळी एकाच माणसाच्या मागे जायचं.

पहिल्यांदा बेस. तो दर मात्रेला एक सूर देत चालत राहतो, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. यालाच 'वॉकिंग बेस' म्हणतात, आणि खरोखरच ते कोणीतरी शांतपणे चालत जावं तसं असतं. तो ऐकू येत नसेल तर आवाज वाढवू नका, डोळे मिटा. मिनिटभरात सापडतो. एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही.

दुसऱ्यांदा ड्रम. तबल्यासारखा ठेका इथे शोधू नका, मिळणार नाही. उजव्या हाताशी असलेल्या मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर, 'टिंग, टिंग-ट, टिंग, टिंग-ट' असं अखंड चाललेलं असतं. आणि पायाने मिटणारी जी जोडझांज असते, ती हाय-हॅट, ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला 'चिक' वाजते. ही 'चिक' पकडणं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे वजन समेवर, पहिल्या मात्रेवर असतं. इथे वजन दुसरी आणि चौथी उचलते. पहिल्या मात्रेवर टाळी देत राहिलात तर गाणं जड आणि अवघडलेलं वाटेल. दोन आणि चारवर चुटकी वाजवून बघा, तेच गाणं झुलायला लागतं.

त्या झुलण्यालाच 'स्विंग' म्हणतात. एका मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवायचा, एवढंच त्याचं साधं वर्णन. हे झुलणं आपल्याला नवं नाही. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तली गाणी आठवा. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक वाजवायचे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचे बँड येऊन वाजवत असत, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे उचललं आणि पुढे ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आणलं. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या रेडिओतून स्विंग घरात कधीच येऊन बसला आहे.

तिसऱ्यांदा पियानो. गिटार बोलत असताना पियानो मध्ये मध्ये दोन-तीन सुरांचे गुच्छ टाकतो आणि गप्प बसतो. हार्मोनियमची साथ गायकाच्या मागोमाग जाते, हा तसा मागे जात नाही. हा रिकाम्या जागा बघून बोलतो. फ्लॅनागन यात फार समंजस आहे. गिटार आणि पियानो दोन्हींवर कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सुरांचे गुच्छ, वाजतात, त्यामुळे दोघं एकमेकांच्या पायात पाय घालण्याची भीती असते. तो कुठे थांबतो तेच ऐका. चौथ्यांदा अर्थात गिटार.

सहावी पायरी: मोजणी

इथे सावकाश जाऊ, कारण सगळा खेळ इथे आहे.

जॅझची बहुतेक रचना एक ठरलेलं आवर्तन असतं. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात, त्याला ते 'हेड' म्हणतात. मग तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि एकेक जण त्यावर आपलं रचून वाजवतो. शेवटी मुखडा परत. मधल्या भागात मुखड्याची चाल ऐकू येत नाही, पण तिचा साचा खाली फिरतच असतो. विलंबित ख्यालात गायक आलापीत दूर गेला तरी तबल्यावर एकताल फिरत असतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे आवर्तन ठेक्यातून कळत नाही, कॉर्डच्या क्रमातून कळतं.

ब्लूजचं आवर्तन १२ बारांचं. एक बार म्हणजे चार मात्रा. आता हातावर त्रिताल धरा. त्रितालाचे चार विभाग, प्रत्येकी चार मात्रा. म्हणजे एक विभाग म्हणजे एक बार, चार बार म्हणजे एक त्रिताल, आणि १२ बार म्हणजे तीन त्रिताल. टाळी, टाळी, खाली, टाळी असं धरत 'डी-नॅचरल ब्लूज' सुरुवातीपासून लावा.

पहिला त्रिताल घरात जातो, षड्जाच्या कॉर्डवर. दुसऱ्या त्रितालाच्या समेला जमीन सरकते आणि मध्यमाच्या कॉर्डवर जाते. त्याच त्रितालाच्या खालीला ती घरी परतते. तिसऱ्या त्रितालाच्या समेपासून पंचमाच्या वाटेने जरा ताण येतो, आणि खालीला पुन्हा घर. मग पहिल्यापासून सुरू. हा ब्लूजचा मूळ सांगाडा आहे. जॅझवाले मध्ये आणखी कॉर्ड पेरतात, पण हे मुक्काम सहसा जागेवर राहतात. मी हे पहिल्यांदा हातावर धरून ऐकलं आणि दुसऱ्या त्रितालाच्या समेला मध्यम बरोबर येऊन पडला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्रिताल आणि ब्लूज यांचा काही नातेसंबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या हाताला जे मोजमाप येतं ते इथे तंतोतंत बसतं, आणि त्याचा फायदा का घेऊ नये?

'जमीन सरकते' हे मी मुद्दाम म्हटलं. आपल्या कानाला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट. तंबोरा एकदा लागला की षड्ज हलत नाही आणि प्रत्येक सुराचा अर्थ त्या षड्जावरून ठरतो. इथे तंबोरा नाही. कॉर्ड बदलली की पायाखालची फरशी बदलते, आणि गिटारने लावून धरलेला तोच सूर क्षणात वेगळा भासू लागतो. आधी निवांत वाटणारा सूर अचानक प्रश्न विचारल्यासारखा होतो. नवख्याला हे 'बेसूर' किंवा 'भरकटलेलं' वाटण्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. उपाय एकच: तंबोऱ्याऐवजी बेसकडे कान ठेवा. जमीन कुठे आहे ते तोच सांगत असतो.

मोजणी सुटेल. सगळ्यांची सुटते. सुटली की थांबू नका, सोलो बदलण्याची वाट बघा. एकाचा सोलो संपून दुसऱ्याचा सुरू होतो तो बहुतेक आवर्तनाच्या तोंडावर. तिथे परत सम धरा.

एक सावधगिरी सांगते. वादक स्वतः समेवर येऊन थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे तिहाई घेऊन समेवर उतरण्यात जो आनंद आहे, तो इथे उलट्या बाजूने मिळतो. वादक वाक्य आवर्तनाच्या शिवणीवरून पलीकडे नेतो आणि समेच्या दोन-तीन मात्रा पुढे जाऊन सोडतो. शिवण कुठे होती हे तुम्हाला माहीत असेल तरच तिची गंमत कळते.

ब्लूज जमला की ३२ बारांचे साचे घ्या. त्यातला सगळ्यात प्रचलित साचा आठ-आठ बारांच्या चार भागांचा असतो. पहिला भाग, तोच परत, मग वेगळा भाग, आणि शेवटी पहिला. ध्रुवपद, ध्रुवपद, अंतरा, ध्रुवपद. प्रत्येक भाग दोन त्रितालांचा. या अल्बमवरची 'पोल्का डॉट्स अँड मूनबीम्स' ही संथ रचना याच साच्यातली, मूळ १९४० चं गाणं. अंतरा आला की कान आपोआप टवकारतो, त्यामुळे मोजणं ब्लूजपेक्षा सोपं जातं.

सातवी पायरी: गिटारची बढत

'वेस्ट कोस्ट ब्लूज' लावा. ही वेसचीच रचना आणि माझ्या मते या अल्बमचा गाभा. हाही ब्लूजच आहे, पण चारच्या नाही, तीनच्या चालीत. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. हातावर दादरा धरा: सहा मात्रांचा दादरा १२ वेळा फिरला की एक आवर्तन पूर्ण होतं.

त्याचा सोलो तीन टप्प्यांत चढतो. आधी एकेरी सूर, म्हणजे एका वेळी एक तार, गाणाऱ्याच्या आवाजासारखी वाक्यं. मग अचानक आवाज जाड होतो. इथे तो ऑक्टेव्ह वाजवत असतो, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी. कीर्तनातल्या पेटीवाल्याने कपलर लावल्यावर एक पट्टी दाबली की दोन सप्तकांत सूर उमटतो, तोच परिणाम. फक्त इथे कपलर नाही. दोन तारा वाजवायच्या, मधली तार बोटाने दाबून मुकी ठेवायची, आणि हे सगळं अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात, धावत्या लयीत. त्याच्या आधी इतक्या सहजपणे, इतक्या लांबीच्या वाक्यांत हे कोणी करत नव्हतं, आणि त्याच्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक जॅझ गिटारवादकाच्या हातात ते थोडंफार आलंच आहे. तिसऱ्या टप्प्यात चाल पूर्ण कॉर्डमधून येते, जणू एका गिटारच्या जागी वाद्यवृंदाचा एक कोपरा उभा राहिला.

एकेरी, जोड, गुच्छ. आलाप, बोलआलाप, ताना अशी चढण आपण ऐकत आलोय. साहित्य वेगळं आहे, पण हळूहळू वजन वाढवत नेण्याची बुद्धी ओळखीची वाटेल. टप्पा बदलतो तो क्षण पकडायचा. वहीत मिनिट-सेकंद लिहून ठेवा, चार-पाच वेळा ऐकलं की लिहावं लागत नाही.

आठवी पायरी: बाकीच्या रचना, पण या क्रमाने

'फोर ऑन सिक्स' तिसऱ्या आठवड्यात ऐका. हीही वेसची, संगीतकार गर्शविनच्या 'समरटाइम' या गाण्याच्या कॉर्डवर बेतलेली. दुसऱ्याच्या कॉर्डवर आपली चाल बांधणं ही जॅझमधली जुनी रीत आहे, एकाच रागात नवी बंदिश बांधण्याइतकी साधी आणि मान्य. त्यानंतर 'गॉन विथ द विंड', मध्यम लयीची, मनमोकळी. 'मिस्टर वॉकर' आणि डेव्ह ब्रूबेकची 'इन युअर ओन स्वीट वे' या दोन रचना मधून मधून ऐकत जा, त्यांच्यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

'एअरजिन' मात्र शेवटी, अल्बममध्ये ती पहिली असली तरी. सॉनी रोलिन्सची रचना आहे, आणि नायजेरिया या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून तिचं नाव तयार केलंय. लय अतिशय द्रुत, आणि आवर्तन सरळ ३२ बारांचं नाही, त्यामुळे मोजणी हमखास घसरते. मला वाटतं, पुष्कळ लोक हा अल्बम पहिल्याच रचनेला बंद करतात ते यामुळेच. महिनाअखेरीस तिच्याकडे जा, मग ती घाबरवत नाही, उलट पळवत नेते.

नववी पायरी: दुसऱ्या महिन्यात काय

केनी बरेलचा 'मिडनाइट ब्लू', १९६३. इथे पियानोच नाही. गिटार, स्टॅन्ली टरेंटाइनचा टेनर सॅक्सोफोन, बेस, ड्रम आणि रे बरेटोचे काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. पियानो काढून घेतल्यावर केवढी मोकळी हवा येते ते ऐकण्यासारखं आहे. पावसाळी रात्रीला याहून चांगला अल्बम मला माहीत नाही. येऊरच्या डोंगरावरून सर उतरते तेव्हा खिडकी उघडी ठेवून मी तो कितीदा ऐकला असेल.

मग ग्रँट ग्रीनचा 'आयडल मोमेंट्स', मुद्रण नोव्हेंबर १९६३. याच नावाची पहिली रचना जवळजवळ १५ मिनिटांची आहे. ती तेवढी लांब ठरवून केली नव्हती. एका आवर्तनाचे बार किती धरायचे याबद्दल वादकांत गैरसमज झाला आणि प्रत्येकाचं वादन दुप्पट लांबलं. निर्मात्याला ते इतकं आवडलं की ती तशीच ठेवली आणि बाकीच्या रचना आखडत्या घेतल्या. मोजणी शिकल्यावर हा किस्सा जास्तच गोड लागतो.

आणि एक आपल्या मुंबईचा. अमान्सिओ डिसिल्वा, जन्म १९३६, मुंबई. हा गिटारवादक पुढे इंग्लंडला गेला आणि १९६९ मध्ये त्याचा 'इंटिग्रेशन' हा अल्बम तिथे निघाला, साथीला इंग्लंडचे जॅझ वादक. त्याच्या गिटारमध्ये आपले सूर कुठे डोकावतात हे ओळखायला इथला कानच हवा. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॅट मेथेनीचा 'ब्राइट साइझ लाइफ', १९७६, तिघांचाच अल्बम, हा सगळ्यात शेवटी. त्यातला जाको पास्टोरियसचा बेस चालत नाही, गातो. त्यामुळे आधी चालणारा बेस कानात मुरलेला बरा.

दहावी पायरी: माणसांसोबत ऐका, मग प्रत्यक्ष ऐका

घरी चार-पाच जणांना बोलवा. जॅझचे जाणकार असायला हवेत असं नाही. तबला शिकणारी भाची, भजनी मंडळातले शेजारचे काका, कोणीही चालेल. एकच रचना लावा आणि एकाने हातावर ताल धरावा. पहिल्या दोन आवर्तनांनंतर बाकीच्यांनी आपापला धरावा. चुकेल तिथे थांबवून परत लावा. आमच्याकडे काकांनी पहिल्याच दिवशी 'चिक' पकडली, कारण टाळ वाजवणाऱ्याचा कान झांजेकडेच जातो. तिथून मला जे कळलं ते एकटीने ऐकून कळलं नसतं. फक्त बेसचा सोलो आला की गप्पा सुरू होतात, ही सगळीकडची खोड आहे. तेवढं आधीच सांगून ठेवा.

प्रत्यक्ष ऐकायला आपल्याला दक्षिण मुंबई गाठावी लागते. नरिमन पॉइंटला एनसीपीएत जॅझचे कार्यक्रम होतात, आणि ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असल्यामुळे त्या सुमारास कार्यक्रमांवर लक्ष ठेवावं. ठाण्याहून सीएसएमटीला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी. नवी मुंबईकरांना हार्बर लाइन सोयीची. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जाण्याआधी बघून ठेवा, म्हणजे उत्तरार्धात घड्याळाकडे बघावं लागत नाही. सोलो संपला की रचना चालू असतानाच लोक टाळ्या देतात. ती दाद असते, तुम्हीही द्या. आणि जागा निवडता आली तर ड्रमरचा डावा पाय दिसेल अशी खुर्ची घ्या. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तो पाय खाली जातो, आणि मोजणी सुटली तर तिथे बघून परत धरता येते.